बाबांना स्लॅब सिटी बघायची आहे, आई मात्र काहीच बोलत नाही

ताई, नमस्कार. माझे आई-बाबा डिसेंबरात साताऱ्याहून आमच्याकडे सॅन डिएगोला येताहेत. बाबा ६८ वर्षांचे, एसटीच्या कार्यशाळेतून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात, एरवी तब्येत ठणठणीत. आई ६४ची, तिचे गुडघे दुखतात. मोटरहोम घेऊन वाळवंटात राहणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बाबा वर्षभर बघताहेत. त्यांना डिस्नेलँड नको, लास व्हेगास नको. गाडी भाड्याने घेऊन बोरेगोचं वाळवंट, सॉल्टन सी सरोवर, स्लॅब सिटी ही वाळवंटातली वस्ती आणि ॲरिझोनातलं क्वार्टझाइट गाव, एवढंच हवंय. माझ्या नवऱ्याला जानेवारीअखेर नऊ-दहा दिवस रजा मिळेल, पण तो म्हणतो तिथे वीज नाही, पाणी नाही, चोऱ्या होतात, वयस्कर माणसांना कशाला न्यायचं? पुण्याचा भाऊही तेच म्हणतो. मला आणखी एक गोष्ट टोचते. स्लॅब सिटीतले बरेच लोक गरीब आहेत, काही आजारी, काही व्यसनात अडकलेले. त्यांना बघायला आपण मोठी गाडी घेऊन जायचं, हे बरं दिसतं का? बाबांची हौस पुरवावी की त्यांची समजूत काढावी?
– एक लेक, सॅन डिएगो

प्रिय लेकी,

हौस पुरवा. महिना तुम्ही योग्य निवडलाय, रस्ताही चांगला आहे. फक्त बेतात दोन बदल करा. स्लॅब सिटीत रात्र काढू नका, दिवसाउजेडी जाऊन या. आणि तिथले वाचलेले दिवस क्वार्टझाइटला द्या, कारण बाबा व्हिडिओत जे बघताहेत ते त्यांना खऱ्या अर्थाने तिथे भेटेल.

पण गाडीचं बुकिंग करण्याआधी एक काम आहे. तुमच्या पत्रात बाबांना काय हवंय ते आहे, नवऱ्याचं म्हणणं आहे, भावाचं आहे. आईचं वय आहे, गुडघे आहेत, पण तिचं मत कुठेच नाही. तिला एकटीला फोन करा, बाबा फिरायला गेलेले असताना. आणि ‘तुला चालेल ना?’ असं विचारू नका. आपल्या आया या प्रश्नाला ‘मला काय, तुम्ही म्हणाल तसं’ हेच उत्तर देतात आणि मग दहा दिवस सोसत राहतात. नेमकं विचारा. गाडीत चढायच्या पायऱ्या उंच असतात, जमेल का? रात्री दोनदा उठायचं झालं तर अंधारात, अरुंद जागेत, गुडघे आखडलेले असताना उठता येईल का? मोटरहोममधलं संडास-न्हाणीघर इतकं छोटं असतं की दार लावून वळायलाही जागा पुरत नाही, ते चालेल का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिला या प्रवासात स्वतःसाठी काय बघायचंय?

हे इतकं लिहितेय, कारण ॲरिझोनात इतकी वर्षं राहून मी आपल्याकडची अनेक कुटुंबं मोटरहोमने जाताना पाहिली आहेत. पुरुषांसाठी तो प्रवास असतो आणि बाईसाठी पंचवीस फुटांत मांडलेला संसार. सकाळचा चहा, नाश्ता, डबे, भांडी, अंथरुणं, सगळं तेच, फक्त ओटा वीतभर आणि पाणी मोजून. हे काम आईकडे जाणार नाही, असं निघण्याआधीच ठरवा. स्वयंपाक जावयाने आणि तुम्ही करायचा, भांडी बाबांनी. बाबा कुरकुरतील. त्यांना सांगा, व्हिडिओतले सगळे बाबे स्वतःची भांडी स्वतः घासतात.

झोपायच्या जागेचंही आत्ताच ठरवा. भाड्याने साधारणपणे मिळते ती गाडी म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं घर. ड्रायव्हरच्या डोक्यावर एक माळा असतो, शिडीने चढायचा. तिथे तुम्ही दोघं. मागचा पलंग आई-बाबांचा. जेवायचं टेबल मोडून जो बिछाना होतो, तो रोज काढायचा-घालायचा असतो, त्यामुळे त्यावर कोणालाच कायमचं झोपवू नका.

पहिल्या दोन रात्री वीज, पाणी आणि सांडपाणी या तिन्ही जोडण्या असलेल्या जागेत काढा. अँझा-बोरेगो स्टेट पार्कच्या बोरेगो पाम कॅन्यन कॅम्पग्राउंडमध्ये अशा जागा आहेत. जानेवारी-फेब्रुवारीत त्या लवकर भरतात, म्हणून आत्ताच नोंदणी करा. तिथे सगळ्यांना गाडीची सवय होईल. काही बिघडलं, आईला जमेना, तर घर दोन-अडीच तासांवर आहे. बोरेगो स्प्रिंग्ज गावाभोवती उघड्या माळावर रिकार्डो ब्रेसेडा या कलावंताने बनवलेली लोखंडी पत्र्याची प्रचंड शिल्पं उभी आहेत, हत्ती, घोडे, वाळूतून डोकं काढणारा लांबलचक नाग. बरीचशी रस्त्यावरून दिसतात, आईला फार चालावं लागणार नाही. आणि रात्री दिवे मालवून खुर्च्या बाहेर टाका. या गावाने आपले दिवे जाणीवपूर्वक मंद ठेवलेत, २००९पासून ते आंतरराष्ट्रीय मान्यतेचं ‘डार्क स्काय’ गाव आहे. साताऱ्याच्या आकाशात आता न दिसणारे तारे तिथे दिसतील.

आता पाण्याबद्दल. तुमच्या नवऱ्याची भीती वीज-पाण्याची आहे आणि ती रास्त आहे, पण हे सगळं हिशेबाने जमतं.

गाडीला तीन टाक्या असतात. एक स्वच्छ पाण्याची, एक मोरीच्या सांडपाण्याची, एक मैल्याची. स्वच्छ पाण्याची टाकी बहुतेक गाड्यांत ३० ते ४० गॅलनची, म्हणजे साधारण ११५ ते १५० लिटरची. चार माणसांनी घरच्यासारखी शॉवरखाली अंघोळ केली तर ती एका दिवसात संपते. पण बादली-तांब्याने वाढलेल्या माणसांना तेच पाणी तीन-चार दिवस पुरतं, त्यामुळे या बाबतीत आई-बाबा तुम्हा दोघांपेक्षा सरस ठरतील. एक लहान बादली आणि तांब्या नक्की न्या. पिण्याचं पाणी मात्र टाकीच्या भरवशावर ठेवू नका. वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानांचा सल्ला माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरचा आहे. चौघांचं तीन दिवसांचं १२ गॅलन पाणी वेगळ्या कॅनमध्ये भरून ठेवा आणि त्याला हात लावायचा तो फक्त पिण्यासाठी. हवा इतकी कोरडी असते की घाम आल्याचंही कळत नाही. आईने रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी प्यायला सुरुवात केली तर तिथल्या तिथे थांबवा.

लोकांना वाटतं, पाणी संपलं की परत फिरायचं. बहुतेक वेळा आधी भरते ती मोरीची टाकी. म्हणून भांड्यांची खरकटी कागदाने पुसून मगच ती धुवा. डाळ, तेल, चहाचा चोथा मोरीत सोडू नका, वास असह्य होतो. संडासाबद्दल स्पष्टच सांगते, कारण हे कोणी विचारत नाही. आपल्या माणसांना पाणी लागतं, आणि ते वापरण्यात काहीच अडचण नाही. उलट मैल्याच्या टाकीत भरपूर पाणी असलेलं बरं, सुकं साचलं की ती तुंबते. फक्त टाकी लवकर भरेल, एवढं धरून चाला. कागद वापरलाच तर मोटरहोमसाठी मिळणारा, पाण्यात चटकन विरघळणारा. ओले वाइप्स अजिबात नकोत. टाक्या रिकाम्या करायच्या त्या डंप स्टेशनवरच. हातमोजे घालून आधी मैल्याची, मग मोरीची, म्हणजे मागून आलेल्या साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. उघड्या वाळवंटात टाकी सोडणं हा गुन्हा तर आहेच, पण जिथे पाऊस बोटांवर मोजण्याइतका पडतो तिथे ती घाण वर्षानुवर्षं तशीच राहते. स्लॅब सिटीत डंप स्टेशन नाही. तिथे जाण्याच्या आदल्या दिवशी टाक्या रिकाम्या करून, पाणी भरून घ्या.

विजेचं सोपं आहे. जोडणी नसेल तेव्हा दिवे, पाण्याचा पंप, पंखा हे १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. मिक्सर, मायक्रोवेव्ह, एसी यांना जनरेटर लागतो. कॅलिफोर्नियाच्या स्टेट पार्कमध्ये जनरेटर सकाळी दहा ते रात्री आठ एवढाच लावता येतो, तेव्हा इडली-डोशाचं पीठ, ओल्या नारळाची चटणी हे मनातून काढून टाका. शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, भाजलेल्या पिठाचं पिठलं, कुकरमधली मुगाची खिचडी, यावर हा प्रवास उत्तम होतो. शेगडी प्रोपेन गॅसवर चालते, कुकर तिच्यावर व्यवस्थित शिजतो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवायची. आणि रात्री कितीही थंडी वाजली तरी ऊब यावी म्हणून शेगडी पेटवून ठेवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच माणसं दगावतात. गाडीत त्याचा इशारा देणारं यंत्र असतं, ते चालू आहे ना हे बाबांकडून पहिल्याच दिवशी तपासून घ्या.

यावरून बाबांच्या कामाकडे येते. एसटीच्या कार्यशाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला अशी गाडी दिसल्यावर स्टिअरिंगवर बसावंसं वाटणारच. भारतीय परवान्यावर पर्यटकाला कॅलिफोर्नियात गाडी चालवता येते, पण भाड्याने देणाऱ्याच्या अटी वेगळ्या असू शकतात आणि करारात ज्याचं नाव नाही त्याने चालवली तर विमा लागू होत नाही. नाव घातलं तरी फ्रीवेवर त्यांना बसवू नका. डावीकडचं स्टिअरिंग, उजवीकडची रहदारी आणि शेजारून जाणारे ट्रक, हे सगळं एकदम अंगावर येतं. त्याऐवजी गाडीची जबाबदारीच त्यांच्याकडे सोपवा. रोज सकाळी निघण्याआधी टायरची हवा, इंजिन ऑइल, गॅसचा व्हॉल्व्ह, टाक्यांची झाकणं, बाहेरची छत्री गुंडाळलेली आहे की नाही, हे सगळं बघून त्यांनी ‘चला’ म्हटल्याशिवाय गाडी हलवायची नाही. मानापुरतं दिलेलं हे काम नाही. भाड्याच्या मोटरहोमचे निम्मे घोळ इथेच होतात.

घाटातही त्यांचंच ऐका. बोरेगोत उतरणारा माँटेझुमा घाट वळणावळणाचा आणि तीव्र उताराचा आहे. तिथे नवख्या चालकाच्या गाडीचे ब्रेक तापून वास येऊ लागतो. ज्या गिअरमध्ये चढायचं त्याच गिअरमध्ये उतरायचं, हे खंबाटकी घाटात शिकलेलं शहाणपण इथेही तितकंच खरं आहे. परतताना आंतरराज्य महामार्ग ८ वर ओकोटियोच्या पुढच्या चढणीत वारा फार असतो. वाऱ्याच्या इशाऱ्याची पाटी पेटलेली दिसली तर त्या उंच गाडीने पुढे जाऊ नका, खालीच थांबा. आणि मुक्कामाची जागा निवडताना कोरड्या ओढ्याचं पात्र कितीही सपाट, मऊ वाटलं तरी तिथे गाडी लावायची नाही. पाऊस लांब डोंगरात पडतो आणि लोंढा इथे येतो.

आता स्लॅब सिटी, आणि तुमचा खरा प्रश्न.

निलँड गावाच्या पूर्वेला आहे ही वस्ती. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, इथे अमेरिकन मरीन सैनिकांच्या सरावासाठी कॅम्प डनलॅप नावाचा तळ उभारला गेला. युद्धानंतर तो बंद झाला, १९५६पर्यंत इमारती पाडल्या गेल्या, उरले ते जमिनीवरचे काँक्रीटचे चौथरे. त्या चौथऱ्यांवर लोक गाड्या आणून राहू लागले. जमीन राज्य सरकारची आहे, पण तिथे कुणी भाडं घेत नाही आणि कुणी सोयही देत नाही. नळ नाही, वीज नाही, गटार नाही, कचऱ्याची गाडी नाही. हिवाळ्यात थंड प्रदेशांतून हजारो लोक येतात, त्यांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात, आणि ऊन तापू लागलं की जातात. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा तिथे उरतात ते थोडे लोक. ज्यांना हे जगणं मनापासून हवंय असे त्यात आहेत, आणि ज्यांना दुसरीकडे कुठेच भाडं परवडत नाही असेही आहेत. एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही खरं असू शकतं.

धारावीत परदेशी पर्यटकांचे गट गाइडबरोबर फिरतात, तेव्हा आपल्याला काय वाटतं ते आठवा. दारातल्या बाईचा कुणी न विचारता फोटो काढला की राग येतो. पण तोच पाहुणा कुंभारवाड्यात थांबला, कारागिराशी बोलला, मडकं विकत घेतलं, तर राग येत नाही. फरक त्याच्या वागण्यात असतो. स्लॅब सिटीत तो फरक पाळणं सोपं आहे, कारण तिथे काही जागा लोकांनी बघावं म्हणूनच केलेल्या आहेत.

वेशीवरच साल्व्हेशन माउंटन आहे. लिओनार्ड नाइट नावाच्या माणसाने १९८४मध्ये ही रंगीत टेकडी उभारायला सुरुवात केली. पहिली टेकडी १९८९मध्ये ढासळली. त्याने पुन्हा हात घातला, या वेळी वाळवंटातली चिकणमाती आणि गवत कालवून, आणि वर रंगांचे थरांवर थर. पुढची वीसेक वर्षं तो तिथेच राहिला, येईल त्याला हसून टेकडी दाखवायचा. २०१४ साली तो गेला. आता इतर लोक टेकडीची निगा राखतात. मध्यभागी मोठ्या अक्षरांत ‘देव म्हणजे प्रेम’ असं लिहिलंय. मातीने घर लिंपलेलं ज्यांनी पाहिलंय, कदाचित स्वतः लिंपलंय, त्या तुमच्या आईला ती टेकडी तुमच्यापेक्षा जास्त कळेल, असं मला मनापासून वाटतं. नेमलेल्या वाटेनेच चढायचं, रंगावर पाय द्यायचा नाही, आणि तिथे दानपेटी असते, तिच्यात पैसे टाकायचे.

आत थोडं पुढे ‘ईस्ट जीझस’ नावाची कलावंतांची वस्ती आहे. फेकून दिलेल्या टीव्हींची भिंत, बाटल्या, टायर, मोडक्या गाड्या यांतून केलेली शिल्पं. हेही पाहुण्यांसाठी खुलं आहे. पण तिथला रस्ता कच्चा आहे, आणि भाड्याच्या बहुतेक करारांत कच्च्या रस्त्याला मनाई असते. करार वाचा. चालत नसेल तर ईस्ट जीझस सोडून द्या. गाडी वाळूत रुतली तर ओढायला येणाऱ्याचं बिल मोठं असतं आणि ते विम्यात बसत नाही.

बाकीची वस्ती म्हणजे लोकांची घरं. दगडांची रांग, टायरची ओळ, लाकडी पॅलेट, बाटल्यांची कड, असं काही जमिनीवर दिसलं की ते कुणाचं तरी कुंपण समजा आणि ओलांडू नका. माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका, मुलांचे तर विचारूनही नकोत. गाडीत बसून खिडकीतून व्हिडिओ घेत फिरणं हे मला सगळ्यात अपमानास्पद वाटतं. मोठी रोकड, दागिने काढून दाखवू नका. गाडी कुलूपबंद ठेवा आणि कुणीतरी एक जण कायम गाडीपाशी राहा. वस्तीला लागून चॉकलेट माउंटन्स इथे नौदल आणि मरीन दलाचं बॉम्बफेकीच्या सरावाचं क्षेत्र आहे. मोठे आवाज आले तर आईला आधीच सांगून ठेवा. पाट्यांपलीकडे मात्र पाऊलही टाकायचं नाही, तिथे न फुटलेला दारूगोळा असू शकतो.

बाबा मात्र कुणाशी तरी बोलणारच. बोलू द्या. तिथे कुठल्यातरी गाडीचं बॉनेट उघडं असेल, आणि इंजिनात वाकलेल्या दोन माणसांना फारशा इंग्रजीची गरज पडत नाही. शेजारी एक पाण्याचा कॅन जास्तीचा ठेवा, गप्पा झाल्यावर तो देऊन या. तिथे ही भेट कामाची ठरते. अशा तऱ्हेने दोन-तीन तास घालवून आलात, तर तुम्ही कुणाचा अपमान केलेला नसेल.

रात्र तिथे का नको? बहुतेक लोक सज्जन आहेत, पण चोऱ्या होतात, आगी लागतात, काही जण नशेत असतात, आणि अंधारात कुठला रस्ता कुणाच्या अंगणातून जातो हे परक्याला कळत नाही. मदत यायला वेळ लागतो. तुम्ही तिशी-पस्तिशीची दोघंच असतात तर मी वेगळं लिहिलं असतं. इन्सुलिनवरचे वडील आणि दुखऱ्या गुडघ्यांची आई बरोबर असताना नको. मुक्काम सॉल्टन सी स्टेट रिक्रिएशन एरियाच्या कॅम्पग्राउंडमध्ये करा.

ही सॉल्टन सी म्हणजे १९०५ ते १९०७ या काळात कोलोरॅडो नदी कालव्याचा बांध फोडून सखल खोऱ्यात घुसली, त्यातून झालेलं सरोवर. समुद्रसपाटीपासून ७० मीटरहून खाली, आणि पॅसिफिकपेक्षा खारट. पाणी आटत चाललंय, काठावर मेलेल्या माशांची हाडं आहेत, वास येतो. काठावरच्या ‘बाँबे बीच’ या गावाचं नाव ऐकून बाबा थांबायला सांगतील. जरूर थांबा. ओसाड पडलेल्या गावात कलावंतांनी किनाऱ्यावर उभ्या केलेल्या कलाकृती अर्ध्या तासात बघून होतात. मात्र वारा सुटला असेल तर उतरू नका. उघड्या पडलेल्या तळाची ती धूळ फुप्फुसांना वाईट.

एक गोष्ट विसरू नका. निलँडहून उत्तरेकडे जाताना हायवे १११ वर बॉर्डर पेट्रोलचं तपासणी नाकं आहे. मेक्सिकोची सीमा जवळ असल्याने या भागातल्या इतर रस्त्यांवरही अशी नाकी आहेत. आई-बाबांचे मूळ पासपोर्ट आणि आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या सरकारी नोंदीची, छापील प्रत बरोबर हवीच. परदेशी पाहुण्यांनी ही कागदपत्रं जवळ बाळगावीत असा कायदाच आहे, तुम्ही दोघं व्हिसावर असाल तर तुम्हालाही तो लागू आहे. ती घरच्या कपाटात जपून ठेवून निघू नका. आणि गणवेशातला माणूस गाडीत डोकावला की आई घाबरेल, तिला आधी सांगा की हे रोजचंच आहे.

तिथून क्वार्टझाइट. ब्रॉलीत डिझेल-पेट्रोल, किराणा, पाणी भरून घ्या आणि हायवे ७८ने ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांमधून ब्लाइथला जा. बाबांच्या डोळ्यांसमोर ‘वाळवंट’ म्हणून जे चित्र असेल ते इथे आहे. पुढे हा रस्ता सारखा खालीवर होतो, सावकाश चालवा, नाहीतर मागच्या कपाटातली सगळी भांडी खाली येतील.

क्वार्टझाइट हे उन्हाळ्यात पेंगणारं छोटं गाव, आणि जानेवारीत क्षितिजापर्यंत मोटरहोमच मोटरहोम. गावाच्या दक्षिणेला ला पोसा नावाचा सरकारी जमिनीचा पट्टा आहे. तिथे १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मोसमात परवाना काढून महिनोन् महिने राहता येतं, आणि १४ दिवसांचा छोटा परवानाही मिळतो. विजेची जोडणी नाही, पण पाण्याचा नळ आणि डंप स्टेशन आहे, म्हणून नवख्यांसाठी हीच जागा उत्तम. गावाबाहेरच्या काही जागांवर १४ दिवसांपर्यंत फुकट राहता येतं, पण तिथे यातलं काहीच नसतं, त्या मोहात पडू नका.

इथले बहुतेक लोक तुमच्या आई-बाबांच्या वयाचे आहेत. शाळामास्तर, ट्रक ड्रायव्हर, नर्स, शेतकरी, सगळे निवृत्त. कुणी घर विकून गाडीत राहायला आलंय, कुणी बर्फापासून पळून चार महिने आलंय. छतावर सौरपट्ट्या, दारात खुर्च्या, संध्याकाळी एकमेकांकडे चहा-कॉफी. जानेवारीत इथे रत्नं, दगड, स्फटिकांचा मोठा बाजार भरतो आणि मोटरहोमचं प्रदर्शनही. आईला दगडांच्या बाजारात सोडा, तिथे सपाट जमिनीवर सावकाश फिरता येतं आणि भाव करता येतो. बाबांना प्रदर्शनात सोडा. दोघांना शेजाऱ्यांकडे चिवडा घेऊन पाठवा. तीन रात्री इथे राहा, जमल्यास चार.

गावाच्या दफनभूमीत एक छोटा दगडी पिरॅमिड आहे, माथ्यावर उंट. अमेरिकन सैन्याने या वाळवंटात उंटांचा प्रयोग केला, तेव्हा १८५६ साली उंटांबरोबर आलेल्या हाजी अलीची ती समाधी. लोकांना त्याचं नाव घेता येईना, म्हणून ते त्याला ‘हाय जॉली’ म्हणू लागले. १९०२मध्ये तो इथेच वारला. दूर देशातून येऊन या मातीत मिसळलेल्या माणसाची ही खूण माझ्या फार आवडीची आहे. ती चुकवू नका.

तब्येतीचं थोडक्यात. मोटरहोमचा फ्रिज बहुधा गॅसवरही चालतो, पण गाडी सपाट उभी नसेल तर तो नीट थंड करत नाही. आत एक लहान थर्मामीटर ठेवा. इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि अजिबात गोठू द्यायचं नाही, म्हणून थंड पट्टीला चिकटवून ठेवू नका. थोडा साठा वेगळ्या थंड पिशवीत असू द्या. ॲरिझोनात हिवाळ्यात घड्याळ एक तास पुढे जातं, डोसच्या वेळा आधीच डॉक्टरांना विचारून ठरवा. या भागातल्या धुळीत ‘व्हॅली फीव्हर’ची बुरशी असते आणि मधुमेह्यांना तो आजार जड जाऊ शकतो. धुळीच्या वाऱ्यात बाबांना गाडीत बसवा, काचा बंद. परतल्यावर काही आठवड्यांत खोकला-ताप आला तर डॉक्टरांना वाळवंटात गेल्याचं सांगा. पाहुण्यांच्या आरोग्यविम्यात आधीपासूनच्या आजारांचं काय, हे विमा घेतानाच वाचा. चोया निवडुंगापासून लांब राहा, त्याचे गोळे नुसत्या स्पर्शाने चिकटतात. चिकटलाच तर हाताने ओढू नका, दोन कंगव्यांमध्ये पकडून उडवा. आणि दिवसा कितीही ऊबदार असलं तरी पहाटे कुडकुडायला होतं, साताऱ्याचे स्वेटर आणि कानटोप्या बॅगेत येऊ द्या.

भावाला रोज संध्याकाळी मुक्कामाचं ठिकाण कळवा. बऱ्याच ठिकाणी फोनला रेंज नसते, म्हणून नकाशे आधीच उतरवून घ्या आणि ‘आज रात्री फोन आला नाही तर घाबरू नकोस, उद्या दुपारपर्यंत नाही आला तर अमुक कॅम्पग्राउंडला फोन कर’ इतकं नेमकं त्याला सांगून ठेवा. त्याचा विरोध बराचसा तिथेच मावळेल.

आणि आई ‘नको’ म्हणाली तर? तर तिला गळ घालू नका. बाबा आणि जावई दोघांनीच चार दिवसांसाठी लहान व्हॅन घेऊन बोरेगो आणि क्वार्टझाइट करावं, तोवर तुम्ही आईबरोबर घरी राहा, किंवा बोरेगो स्प्रिंग्जमध्ये खोली घेऊन तिला शिल्पं आणि तारे दाखवा. सासरे-जावई चार दिवस एका गाडीत राहिले तर कुणाचं काही बिघडणार नाही. पण फोन आधी तिला करा, आणि तो या आठवड्यातच करा. जानेवारीअखेरच्या जागा नोव्हेंबरपर्यंत थांबत नाहीत.

तुमची,
ताई